नांगराआधी कागद, बेण्याआधी पाणी



मागल्या महिन्यात गटऑफिसात बसलो असता एक तरुण आला. वडील आपले जुने सभासद. मुलगा आठ वर्षे पुण्याकडे कंपनीत होता, आता कायमचा गावी परतला आहे. खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाला, "सायेब, दोन एकर माझ्या वाटणीला आलंय. ऊस करायचाय. सुरुवातीला पैसं किती लागतील आन् कागदं कंची लागतील, तेवढं एका चिठ्ठीवर लिहून द्या."

मागणी वाजवी होती. आम्ही कागद पुढे ओढला आणि लिहू लागलो. नांगरट, रोटर, सरी, रोपे, बेसल डोस, बाळबांधणी, पक्की बांधणी. अर्धे पान भरल्यावर पेन थांबले. हा सगळा ऊस पिकवण्याचा खर्च झाला. या मुलाने विचारले होते ते शेती उभी करण्याच्या खर्चाचे. या दोहोंत किती अंतर आहे हे वीस वर्षे या खात्यात काढूनही आम्ही अलीकडेच शिकलो, आणि तेही दुसऱ्याच्या नुकसानीतून. म्हणून त्या मुलाला चहा पाजला, "चिठ्ठी आठ दिवसांनी देतो" असे सांगून वाटेला लावले आणि हा लेख लिहायला घेतला.

ज्यांच्या नुकसानीतून शिकलो ते आपल्याच कार्यक्षेत्रातले आहेत. नाव-गाव सांगत नाही. तेही असेच नोकरी सोडून आले होते. फंडाचे आणि शिल्लकीचे मिळून ४ लाख १० हजार रुपये गाठीला होते. माणूस मोठा व्यवस्थित. सगळा खर्च वहीत तारीखवार मांडलेला, आणि ती वही त्यांनी मोठ्या मनाने आम्हाला वाचायला दिली. पहिला बोअर ३८० फूट, कोरडा, ४५ हजार. दुसरा ४३० फूट, दीड इंच पाणी, ५२ हजार. मोटार, केबल, स्टार्टर, पेटी ७८ हजार. वीजजोडणी येईपर्यंत भाड्याचा जनरेटर आणि डिझेल १८ हजार. ९०० फूट पाइपलाइन, खोदाईसह, ६४ हजार. दुकानातून रोखीने आणलेले दोन एकरांचे ठिबक १ लाख १५ हजार. बेरीज करून बघा, ३ लाख ७२ हजार होतात. आणि तोवर रानात उसाचे एक टिपरूसुद्धा पडलेले नव्हते!

हातात राहिले ३८ हजार. त्यात दोन एकरांची मशागत, खते, मजुरी आणि घरची चूल. सोसायटीत पीककर्जाला गेले तर सातबारा अजून आजोबांच्या नावावर, आणि आजोबांना जाऊन वीस वर्षे झालेली. सोसायटी कर्ज देणार तरी कोणाला? ठिबकाच्या अनुदानाला गेले तर पूर्वसंमती घेण्याआधीच खरेदी झालेली, त्यामुळे अर्ज बाद. शेवटी खाजगीतून उचलले, शेकडा तीन रुपयांनी.

लागण झाली नोव्हेंबर २०२३ मध्ये. तो पावसाळा कसा गेला हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. ऑक्टोबरअखेर शासनाने राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर केले होते, त्यांत आपले बार्शी, माळशिरस, सांगोला, करमाळा आणि माढा होते. उजनी त्या साली पुरती भरलीच नाही, आणि जून २०२४ पर्यंत उणे साठ टक्क्यांच्या जवळ जाऊन बसली. त्यांचा बोअर होळीच्या सुमारास उचक्या देऊ लागला. एप्रिलमध्ये कमरेइतका ऊस चाऱ्याला तोडून दिला. वहीच्या शेवटच्या पानावर चाऱ्याच्या पैशांची एक ओळ आहे, पुढची पाने कोरी आहेत. ते गृहस्थ आता पुन्हा पुण्याला असतात.

यात तुमचा काय दोष, असे कोणी म्हणेल. दोष आहे. त्यांच्या उसाची नोंद आमच्याच चिटबॉयने घेतली. रोपे कारखान्याच्या रोपवाटिकेतून उधारीवर गेली ती आमच्या सहीने. दुष्काळ जाहीर झालेला आम्हाला ठाऊक होता. तरी "पाणी किती आहे हो?" असे आम्ही एका शब्दाने विचारले नाही. नोंदीच्या तक्त्यात दोन एकर वाढले, एवढेच आम्हाला दिसले.

आता कागदांकडे वळू. ऊस लावायला शेतकऱ्याला कोणाचा परवाना लागत नाही. गाळपाचा परवाना लागतो तो कारखान्याला. त्यामुळे पुष्कळांचा समज होतो की जमीन आपली, घाम आपला, कागद कशाला? वस्तुतः परवाने आहेतच, फक्त ते उसाच्या नावाचे नाहीत. पाण्याचा आहे, विजेचा आहे, वाटेचा आहे, आणि या सगळ्यांच्या बुडाशी सातबारा आहे. त्यावर आपले नाव नसेल तर बाकीचे अर्ज पाण्यावर रेघ ओढल्यासारखे.

दुसऱ्याला काय सांगायचे, आमच्याच घरी दिव्याखाली अंधार होता. आमचे वडील २०११ साली वारले. आम्ही गावोगाव सभासदांना "सातबारा आणा, आठ-अ आणा" म्हणून सांगत फिरायचो आणि आमच्या घरचा सातबारा २०१८ पर्यंत वडिलांच्याच नावावर! आज करू, उद्या करू. करायला गेलो तेव्हा सातबाऱ्यावर वडिलांचे नाव एक, मृत्यूच्या दाखल्यावर दुसरे. तेवढ्या एका अक्षरापायी एका कचेरीतून प्रकरण तीनदा परत आले. धाकटा भाऊ रागाने म्हणाला, "दादा, तू अख्ख्या तालुक्याचा ऊस नोंदवतोस, आन् आपल्या बापाची नोंद तुला करता येईना." आम्ही काय बोलणार?

खरे तर वारसनोंदीला पैसा फारसा लागत नाही, माणूस मेल्यावर वेळेवर जावे लागते एवढेच. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि अर्ज. नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, काम तेच आहे. एप्रिल २०२५ पासून शासनाने राज्यभर 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम काढली ती याच कामासाठी, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी. मोहिमेचे नाव ऐकून हसू आले, पण नाव बरोबर आहे. मेलेल्या माणसाच्या नावावरची जमीन कागदावर मेलेलीच असते. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा पंचनाम्याच्या वेळी हाच प्रश्न रानोरान निघाला, की पीक कसणाऱ्याचे, पण नाव कोणाचे?

वारसनोंद करताना बहिणींची नावे लागतात. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून कायद्याने मुलीचा वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखाच हिस्सा आहे. पुष्कळ घरांत बहिणीला सणाला बोलावतात, जेवायला वाढतात आणि ताटाशेजारी हक्कसोडाचा कागद ठेवतात. ही रीत आम्हाला पसंत नाही. बहीण हक्क सोडील किंवा ठेवील, तो तिचा प्रश्न. पण आधी तिला सगळे समजावून सांगा, तिच्या नवऱ्यालाही नंतर बाहेरून कळू देऊ नका. आमच्या दोन बहिणींपैकी एकीने सोडला, एकीने ठेवला. ठेवला तिचे नाव आज सातबाऱ्यावर आमच्या नावाखाली आहे आणि त्याने आमचे काही अडलेले नाही. अडते ते लपवल्यामुळे. दहा वर्षांनी हरकत येते आणि कर्जाचे प्रकरण, ठिबकाचे प्रकरण, सगळे एका जागी थांबते.

वारसांची नावे लागली म्हणजे वाटणी झाली असे नव्हे. ही दुसरी गफलत. भावाभावांनी बांध घातला, तोंडी वाटून घेतले, पण उताऱ्यावर चौघांची नावे एकत्रच असली, तर एकाच्या अर्जाला चौघांच्या सह्या लागतात. महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून रीतसर वाटप करून घेता येते, किंवा वाटपपत्र नोंदवता येते. शेतजमिनीच्या वाटपपत्राची नोंदणी फी २०२५ साली शासनाने माफ केली आहे, म्हणजे तीही सबब उरली नाही. वाटताना एक ध्यानात ठेवा. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा शेतजमिनीला अजून लागू आहे. २०२३ पासून बागायतीला दहा गुंठे आणि जिरायतीला वीस गुंठे ही मर्यादा आहे, त्याच्या आतला तुकडा करता येत नाही. आजोबांचे सोळा एकर चार मुलांत चार-चार झाले, नातवांत दोन-दोन झाले. पुढच्या पिढीचा भागाकार ज्याचा त्याने करावा.

वाटेचे थोडक्यात सांगतो, पण हलके समजू नका. आतल्या अंगाच्या दोन एकरांना वाट नसेल तर ऊस कितीही चांगला येवो, गाडी आत जात नाही. शेजाऱ्याच्या रानात गहू उभा असला की त्याच्या पाया पडावे लागते. टोळीला मोळ्या डोक्यावरून लांब आणाव्या लागल्या की खुशाली मागतात, आणि अशा फडाला टोळी सगळ्यात शेवटी येते. तोवर वजन घटते. बांधावरून वाट मागण्यासाठी महसूल कायद्याचे कलम १४३ आहे. असलेली वाट कोणी अडवली तर १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे. दोन्हींसाठी तहसीलदारांकडे जायचे. पण आमचा अनुभव असा की वाटणीच्या वेळी चार भाऊ गोडीत असताना वाट कागदावर लिहून घेतली तर तहसील गाठावेच लागत नाही. अन् एकदा लिहिली की 'इतर हक्कां'त तिची नोंद करून घ्या.

आता पाणी. इथे आम्ही जरा थांबून सांगणार आहोत.

सुरू उसाला सरीतून पाटपाणी दिले तर हेक्टरी २५० सेंटिमीटरच्या आसपास पाणी लागते. पूर्वहंगामीला आणि आडसालीला त्याहून जास्त. २५० सेंटिमीटर म्हणजे एकरभर रानात आठ फूट उभे पाणी. लिटरमध्ये मोजले तर एकरी एक कोटी लिटर! आणि आपल्या जिल्ह्याचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे दोन फूटसुद्धा भरत नाही. बाकीचे सहा फूट कुठून आणायचे, हा ऊस लावण्याआधीचा पहिला प्रश्न. ठिबकाने पाणी पुष्कळ वाचते हे खरे, पण नसलेले पाणी ठिबक आणून देत नाही.

म्हणून आम्ही एक साधी परीक्षा सांगतो. दोनशे लिटरचे पिंप घ्या आणि हातात घड्याळ. मोटार तासभर चालू द्या, मग पिंप भरायला किती वेळ लागतो ते पाहा. चार मिनिटे लागली तर तासाला तीन हजार लिटर. आठ तास वीज धरली तर दिवसाला चोवीस हजार लिटर. एका एकरावर सहा मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले तर बरोबर तेवढेच लागते, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत वाढीला लागलेल्या उसाला ठिबकावरही दिवसाला निदान तेवढे द्यावे लागते. म्हणजे चार मिनिटांचे पिंप असेल तर एक एकर ऊस, त्याहून एक गुंठाही जास्त नाही. आठ मिनिटे लागत असतील तर वीस गुंठे. आणि ही परीक्षा घ्यायची एप्रिलात. श्रावणात पिंप भरून दाखवणारे पुष्कळ भेटतात.

त्या वहीतल्या गृहस्थांचा बोअर लागला तेव्हा दीड इंच पाणी होते. बोअर मारणाऱ्याने नारळ फोडला, पेढे वाटले. महिना होता ऑगस्ट.

पाण्याचे कागदही आहेत. कालव्यावर किंवा चारीवर असाल तर दर हंगामाला नमुना नंबर ७ वर मागणी अर्ज द्यावा लागतो. शेजारी भरतो म्हणून आपण भरायचा नाही, ही सवय सोडा. नदीतून किंवा उजनीच्या फुगवट्यातून उचलायचे असेल तर पाटबंधारे खात्याची उपशाची परवानगी लागते, आणि परवानगी असली तरी टंचाईत पिण्याचे पाणी आधी. सोलापूर शहरासाठी नदीतून औज बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडले की काठावरच्या मोटारींवर डोळा असतो, हे भीमाकाठच्या सभासदांना ठाऊक आहे. विहीर-बोअरचे म्हणाल तर सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत घेता येत नाही. शिवाय २००९ च्या भूजल कायद्याचे बोट साठ मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा, खोल बोअरवर आहे. आपल्या भागात दोनशे फुटांवर थांबतो कोण? पण कायदा काय म्हणतो ते माहीत असावे.

आमचे स्वतःचे मत विचाराल तर दोन एकरवाल्याने स्वतंत्र बोअर मारूच नये. चार भावांचे चार बोअर, चार मोटारी, चार पेट्या, आणि खाली झरा एकच! एकाने खोल नेला की दुसऱ्याचा आटतो, मग दुसरा त्याहून खोल जातो. आपल्या आज्यांनी एका विहिरीत चार आणे, आठ आणे असे हिस्से ठेवून पाळीने मोटा चालवल्या, त्यांना काय अक्कल कमी होती? जुनी विहीर सामाईक ठेवा, गाळ काढा, आडवे बोअर घ्या, वाटपपत्रात कोणाचे किती आणे आणि कोणाची पाळी कोणत्या वारी हे लिहून काढा. वहीतले पहिले दोन आकडे, ४५ हजार आणि ५२ हजार, एवढ्याने वाचतात. भाऊबंदकीत हे जमत नाही, असे आम्हाला नेहमी सांगितले जाते. जमत नाही ते लिहिलेले नसते म्हणून.

विजेच्या बाबतीत आता बराच फरक पडला आहे. २०२४ पासून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा पंप मिळतो, पाच एकरांपर्यंत पाचचा. लहान शेतकऱ्याला हे चांगलेच आहे. तथापि चारशे फुटांच्या बोअरमधून तीन अश्वशक्तीचा पंप किती ओढील, हे अर्ज भरण्याआधी विचारून घ्या, पॅनेल उभे राहिल्यावर नको. ज्यांच्याकडे जुनी वीजजोडणी आहे त्यांना साडेसात अश्वशक्तीपर्यंत एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ बिल माफ आहे. त्यामुळे वाटणीत मीटर कोणाच्या नावावर, हाही भांडणाचा विषय होऊ लागला आहे. तोही वाटपपत्रात घाला.

ठिबकाचे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो आणि लोक पुन्हा पुन्हा चुकतात. लहान शेतकऱ्याला केंद्राचे ५५ टक्के आणि राज्याचे पूरक २५ टक्के असे मंजूर खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. पण क्रम चुकवायचा नाही. आधी महाडीबीटीवर अर्ज, मग निवड, मग पूर्वसंमतीचे पत्र, आणि ते हातात पडल्यावर खरेदी. दुकानदार म्हणतो, "घिऊन जावा मालक, कागद मागनं करू." त्याचा माल खपतो, तुमचे अनुदान जाते. आणि एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो, तो सातबाऱ्याला जोडलेला असतो. म्हणजे फिरून फिरून आपण पुन्हा आजोबांच्या नावापाशी येतो.

खतांचा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ असतो, त्यामुळे एवढेच सांगतो. सुरू उसाला एकरी १०० किलो नत्र, ४६ स्फुरद, ४६ पालाश. म्हणजे दोन पोती डीएपी, चार पोती युरिया, दीड पोते पोटॅश. डीएपी १३५० आणि युरिया २६६ रुपये ५० पैसे धरला तर दोन्हींचे मिळून चार हजारांच्या आत येतात. रोपे पाच बाय दोन फुटांवर लावली तर एकरी ४३५६ बसतात. लोक या खर्चाची घासाघीस करतात, युरियाच्या गोणीमागे दहा रुपये जास्त घेतले म्हणून दुकानात भांडतात, आणि बोअरवर पन्नास हजार घालताना पाणाड्याच्या हातातल्या नारळावर विश्वास ठेवतात.

एक खर्च कोणीच धरत नाही, आम्हीही धरत नव्हतो. पहिले बिल हातात येईपर्यंतचा घरखर्च. सुरू ऊस लावल्यापासून तुटेपर्यंत वर्ष, पूर्वहंगामीला चौदा-पंधरा महिने, आडसालीला सोळा ते अठरा. पगार घेणाऱ्या माणसाला पहिल्या तारखेची सवय असते. शेतात पहिली तारीख वर्षातून एकदा येते, तीही टोळी वेळेवर आली तर. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशिराला सालीना १५ टक्के व्याज आहे. सभासदांनी हा नियम आपल्या कारखान्यालाही ऐकवत जावा, आम्ही रागावणार नाही. दर काय मिळेल? २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला ३५५० रुपये आहे, साडेनऊ किंवा त्याखालच्या उताऱ्याला ३२९० रुपये ५० पैसे, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा. नवख्या माणसाने खालचाच आकडा धरावा. त्यातून सोसायटीची आणि रोपांची वजावट होईल. उरेल त्यात मागचे वर्ष निभवायचे की पुढचे, हे आधीच ठरवावे. वेळेवर फेडले तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज पडत नाही, आणि खाजगीतले शेकडा तीन वर्षाला छत्तीस होतात. सातबाऱ्यावर नाव असण्याची किंमत एवढी आहे.

आता जे सांगतो ते कारखान्याच्या ऊस विकास अधिकाऱ्याने सांगू नये असे आमचे काही सहकारी म्हणतात. नव्याने शेती मांडणाऱ्याने पहिल्या वर्षी दोन्ही एकर उसाखाली घालू नयेत. एक एकर ऊस करा, तोही पिंपाने कबूल केला तर. दुसऱ्या एकरात ज्वारी करा, हरभरा करा. घरात दाणे येतील, गोठ्याला कडबा येईल, आणि चार महिन्यांत थोडे तरी पैसे दिसतील. मंगळवेढ्याच्या मालदांडीला आपल्या बापजाद्यांनी बिनपाण्याची पिकवून नाव मिळवून दिले, तिची लाज कशाला?

याहून पुढे जाऊन आमची सूचना अशी आहे की, कारखान्याने रोपे आणि बेणे उधारीवर देण्याआधी एप्रिलातल्या पिंपाची नोंद पाहावी. चिटबॉय लागणीची मोजणी करायला जातोच, त्याने उन्हाळ्यात पाण्याचीही करावी. आणि दर गटऑफिसात आठवड्यातून एक दिवस कागदपत्रांच्या जाणकार माणसाने बसावे, वारसनोंद, वाटपपत्र, पूर्वसंमती, ई-पीक पाहणी याच कामांसाठी. शेअरवरचे वारसाचे नामनिर्देशनही त्याच टेबलावर व्हावे. पुष्कळ जुन्या सभासदांचे ते आजही कोरे आहे.

यावर हरकत येणार हे आम्हाला माहीत आहे. "तुम्ही ऊस अडवता," सभासद म्हणतील. आमच्याच खात्यातले म्हणतील, जिल्ह्यात इतके कारखाने झाले आहेत, आपण नोंद नाकारली तर दुसरा कारखाना त्याच संध्याकाळी जाऊन नोंद घेईल. घेईल, खरे आहे. उसाची पळवापळवी आम्ही रोज पाहतो. पण जो ऊस एप्रिलात चाऱ्याला जाणार तो पळवून कोणता कारखाना चालणार आहे? आमच्या तक्त्यात ते दोन एकर नोंदले गेले आणि गव्हाणीत एक मोळीही पडली नाही. रोपांची उधारी आजही येणे बाकीत दिसते. ती वसूल करायला पुण्याला कोणी जावे, असे आम्हाला वाटत नाही.

तो तरुण आठ दिवसांनी आला. आम्ही त्याच्या चिठ्ठीवर रुपयांचा आकडा लिहिला नाही. वर 'वारसनोंद', खाली 'वाटपपत्र : वाट, विहिरीचे आणे, मीटर', त्याखाली 'ओळख क्रमांक' आणि 'ठिबकाचा अर्ज, खरेदी नाही' एवढे लिहिले. त्याने कागद उलटून पाहिला, मागे काहीच नव्हते. "आन् ऊस?" त्याने विचारले. सुरूची लागण सोडून दे म्हटल्यावर चेहरा पडला. दोन दिवसांनी त्याच्या वडिलांचा फोन आला, जरा घुश्शातच होते. बोलता बोलता म्हणाले, विहिरीत त्यांचे सहा आणे आहेत, पण ते कुठे लिहिलेले नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या विहिरीवर जायचे ठरले आहे. पिंप त्यांचे, घड्याळ आमचे. चुलत भावांनाही बोलावले आहे.